खाणावळीची परमिट रूम आणि पुढे मेडिकल, जमेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, लालबागला आमची वडिलांच्या वेळची खाणावळ आहे, प्रतापगड नावाची. धंदा बसलाय म्हणून भाऊ म्हणतो परमिट रूम काढू. बायको डी. फार्म झालीय, तिला पुढचा 9 बाय 10 फुटांचा भाग वेगळा करून मेडिकल टाकायचंय. एजंट म्हणतो महापालिकेचं हेल्थ लायसन्स आहे ना, मग दारूचं त्याच्यावरच होऊन जातं, फायरचं पण मी बघतो, अर्धे पैसे आधी द्या. देऊ का?

उत्तर : दादा, नका देऊ, निदान टेपने माप घेईपर्यंत तरी नका देऊ. हेल्थ लायसन्स एफ साउथ वॉर्डातून मिळतं, ते महापालिका कायद्याच्या कलम 394 खाली खाण्याच्या धंद्याचं. ते लागतंच, पण त्याच्यावर दारू विकता येत नाही. परमिट रूमला एफएल थ्री नावाचं दारूचं लायसन्स लागतं, ते राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने मिळतं, म्हणजे ऑफिसच वेगळं.

आणि तिथे पहिला अडकतो तो जागेचा नियम. शाळा किंवा देवस्थान 75 मीटरच्या आत नको. हे अंतर गच्चीवरून बघून सरळ रेषेत नाही धरत, तुमच्या दाराच्या मध्यापासून माणूस नेहमी ज्या रस्त्याने चालत जातो त्या रस्त्याने शाळेच्या किंवा देवळाच्या गेटच्या मध्यापर्यंत मोजतात, त्यामुळे कधीकधी जवळ दिसणारी शाळा पण नियमात बसते. देऊळ असेल तर ते नोंदणी झालेल्या ट्रस्टचं आहे का विचारा, लालबागला गल्लोगल्ली देवळं, हे आधी विचारलेलं बरं. दोघा भावांनी सकाळी टेप घेऊन स्वतः मोजा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

नावाचं सांगायला मला जड जातंय. दुकाने आणि आस्थापना कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर जिथे दारू मिळते त्या जागेला गडकिल्ल्याचं किंवा महापुरुषाचं नाव चालत नाही, त्यामुळे परमिट रूम झाली की वडिलांनी लावलेली प्रतापगडची पाटी उतरवावी लागणार. घरात सगळ्यांना बसवून आधी हे बोला.

आता मेडिकल. औषधाच्या किरकोळ दुकानाला कमीत कमी 10 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण 108 चौरस फूट, आणि तुमचा भाग भरतो 90. पार्टिशन दोन फूट आत घेतलं तर बसेल, पण मग खाणावळीतून बाहेर पडायला वाट किती उरते ते बघा. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत 14 माणसं गेली, तुमच्यापासून ते काय लांब आहे, म्हणून फायरचं मी बघतो म्हणणाऱ्याचं ऐकून मला खरंच भीती वाटते, ते काम फायर ब्रिगेडच्या माणसाला जागा दाखवूनच करा.

माझं मत विचाराल तर आधी मेडिकलच करा. एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून, फॉर्म 20 आणि 21 ची लायसन्स लागतात, फ्रिज लागतो, आणि चिठ्ठीवरची औषधं देताना फार्मासिस्ट दुकानात हजर लागतो, म्हणजे वहिनींना मग खाणावळीच्या गल्ल्यावर बसवता येणार नाही. त्यांचं फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, तेवढं आजच कपाटातून काढून तारीख बघा.