'स्किन कलर' म्हणजे कुणाची स्किन?

प्रश्न असा : दुकानात 'स्किन कलर'ची लेगिंग मिळते, जाहिरातीत 'न्यूड' लिपस्टिक दिसते. या रंगाला मराठीत 'त्वचावर्णी' म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाला काही हरकत नाही, समास झकास आहे. घोडं अडतं ते कातडीपाशी. 'स्किन' म्हणून काउंटरवर जे येतं ते फिकट, पिवळट-गुलाबी असतं. सावळी बाई आली की दुकानदारच विचारतो, "स्किन देऊ का ब्राउन?" म्हणजे तिच्या अंगाचा रंग 'स्किन'मध्ये धरलेलाच नाही!

हे नाव आपल्याकडे गोऱ्यांच्या बाजारातून आयतं आलं. अमेरिकेत क्रेयोलाच्या रंगखडूंमध्ये एका फिकट गुलाबी खडूचं नावच 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, असं होतं. १९६२ साली ते बदलून 'पीच' केलं. मेरियम-वेबस्टरच्या अमेरिकन इंग्रजी कोशात तर २०१५ पर्यंत 'न्यूड'चा एक अर्थ सरळ 'गोऱ्या माणसाच्या कातडीच्या रंगाचा' असा दिलेला होता. तक्रारी झाल्यावर तो 'घालणाऱ्याच्या कातडीशी जुळणारा' असा झाला. मला विचाराल तर जुनी व्याख्याच जास्त प्रामाणिक होती. लोक शब्द कसा वापरतात ते कोशानं सांगायचं, आणि बाजार तो तसाच वापरत होता.

'फ्लेश' या शब्दाची खरी फजिती झाली ती मिशेल ओबामांच्या वेळी. नोव्हेंबर २००९ मध्ये मनमोहन सिंगांसाठी व्हाइट हाउसमध्ये मेजवानी झाली, तेव्हा मिशेल यांनी मुंबईत जन्मलेल्या नईम खान यांनी केलेला गाउन घातला होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं पुढे त्याचा रंग 'फ्लेश' असा लिहिला. कुणाचं फ्लेश, असं लोकांनी विचारल्यावर त्याचं 'शँपेन' झालं. घालणारी समोर उभी, तरी मोजपट्टी दुसऱ्याच कातडीची.

बॅलेत हे पायाशी येतं. बुटाचा रंग पायाच्या रंगात मिसळला की पाय लांब दिसतो, पण बूट मिळायचे फिकट गुलाबी. काळ्या नर्तकी त्यांना मेकअपचं फाउंडेशन फासत, जोडामागून जोडा. लंडनच्या फ्रीड कंपनीनं तपकिरी छटांचे बूट काढले ते थेट २०१८ साली. गोऱ्या नर्तकीला हा खटाटोप कधी करावाच लागला नव्हता, त्यामुळे आपल्याला काही सवलत आहे हे तिच्या ध्यानात येण्याचं कारणही नव्हतं.

तेव्हा 'त्वचावर्णी' नको. छटा सांगायची तर बदामी, मोतिया, बिस्किटी हे शब्द आहेतच, आणि दुकानदारालाही ते कळतात. जुळणी सांगायची असेल तर 'माझ्या अंगाशी मिळता' म्हणा आणि हात पुढे करा. 'गव्हाळ' मात्र टाळा. लग्नाच्या जाहिरातींनी तो इतका ताणलाय की त्या नावानं लेगिंग मागवली तर पार्सलमधून काय निघेल, सांगता येत नाही.