इमारत चालत बघतात

प्रिय पोरी,

परवा लॅपटॉप मिटताना तू म्हणालीस, "सर, आर्किटेक्चर कॉलेजच्या ज्युरीला इमारतीच्या दर्शनी बाजूचं माझं एलिव्हेशन आवडलं नाही आणि घरच्यांना काचेच्या बिल्डिंगाच आवडतात. मग चांगलं काय ते ठरवायचं कुणी?" तेव्हा समोर कॉन्ट्रॅक्टर बसला होता, नीट बोलता आलं नाही. तुझा चेहरा मात्र डोळ्यांपुढून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

इमारत चालत बघतात गं. समोर उभं राहून कुणी बघत नाही. तू रात्र रात्र जागून जे एलिव्हेशन रंगवतेस, ते तसं सपाट कुठल्याच माणसाला कधी दिसत नाही. डोळा जमिनीपासून पाच फुटांवर, समोर अरुंद रस्ता, त्यात गाड्या लावलेल्या. तुझा तिसरा मजला बघायला मान वर करावी लागते, आणि मंडईतून पिशव्या घेऊन येणारी बाई मान वर करत नाही. तिला दिसतो तो उंबरा, ओटा, दाराची कडी आणि टेकायला मिळालेली सावली.

भक्कमपणा, सोय, सौंदर्य ही रोमन वास्तुविशारद व्हिट्रुवियसची तीन तत्त्वं तू घडाघडा म्हणून दाखवलीस. दोन हजार वर्षं टिकलेली गोष्ट आहे, मला मान्य आहे. पण त्यातलं पहिलं कुठलं, असं विचारू नकोस. माणसाच्या अंगाला ती तिन्ही एकदमच कळतात. जिना घे. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून साठ-चौसष्ट सेंटीमीटर, हा हिशोब फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँडेलनं 17व्या शतकात मांडला. सहा इंच चढ, बारा इंच ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, केलं की तो जमतो. दोन-तीन पायऱ्या चढेपर्यंत पाय ते माप पाठ करतो. पुढची एखादी पायरी अर्धा इंच जरी जास्त उंच झाली, तरी डोळ्याला कळायच्या आधी पाय अडखळतो. असा जिना कितीही देखणा असू दे, आजी त्याला नावंच ठेवणार आणि तिचं बरोबर असणार.

अंबाबाईच्या देवळात तू लहानपणापासून जातेस. या वेळी जाताना फक्त पाय आणि कान जागे ठेव. महाद्वार रोडचा गोंगाट, मग दरवाजाची सावली, पुन्हा उघडं आवार, मग मंडप, मग दगडी खांबांमधला गारवा. दर टप्प्याला उजेड कमी होतो आणि आवाज बदलतो. गाभाऱ्याशी पोचेपर्यंत माणूस आपोआप हळू झालेला असतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. आणि तिथला किरणोत्सव? नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीपर्यंत जातात. त्या वाटेत कुणी मजले चढवले की किरणं अडतात. म्हणजे देवळाची वास्तू देवळाच्या भिंतीपाशी संपत नाही. तुझ्या प्लॉटचंही तेच आहे. साइट प्लॅनवर शेजारची घरं कोरी सोडलीस, याचा मला खरंच राग आला.

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात उलटा खेळ आहे. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, खाली तसाच गोल दगड. तिथं उभं राहून वर बघायचं आणि मग आतल्या काळोखात शिरायचं. फोटोत ते भोक दिसतं. अंगावर पडणारं ऊन आणि पुढच्या पावलाचा गारवा फोटोत येत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात शाहू महाराजांनी आखाड्याभोवती मातीचा उतार चढवत नेला, म्हणून मागच्या रांगेतल्यालाही मल्लाची पकड दिसते. तिथं एलिव्हेशन बघायला कोण जातं?

मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका बड्या गिऱ्हाइकाला पश्चिमेला अख्खी काच हवी होती. मी नाही म्हटलं, काम दुसरीकडे गेलं. आज तिथं दुपारी पडदे ओढून, दिवे लावून बसतात. माझ्या नावावर शहरात एकही मोठी वास्तू नाही आणि त्याची खंत आहे, लपवत नाही. पण मी केलेल्या घरांच्या कट्ट्यांवर संध्याकाळी म्हाताऱ्या बसतात. तो दीड फुटाचा कट्टा एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं त्याच्या, भांडणात वाचवायला मी काय काय ऐकून घेतलंय! चालत येणारा माणूस कुठं थांबणार, हे आधी ठरवायचं, बाकी मागून. मी हे सोडलं नाही आणि सोडणार नाही.

घरच्यांना काच आवडते म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना आपण दुसरं दाखवलंच किती? त्यांना उन्हाळ्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात, ओसरीवर, नेऊन बसव, भाषण देऊ नकोस.

आता तुझं रंकाळ्याजवळचं वाचनालय. संकल्पना चांगली आहे, प्रवेश वाईट आहे. रस्त्यावरून थेट हॉलमध्ये ढकलतेस, चप्पल काढायला, छत्री निथळायला जागा नाही, आणि कोल्हापूरचा पाऊस तुला मी सांगायला नको. दाराआधी आठ फूट खोल सोपा दे, त्याचं छत खाली आण, हॉलचं उंच ठेव. उत्तरेचा उजेड टेबलावर घे, पश्चिमेची खिडकी लहान कर. रविवारी ये. थ्रीडी नको, रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचा एकच सेक्शन, उभा छेद, पेन्सिलीनं काढून आण, आणि त्यात दर दहा फुटांवर एक माणूस काढ.

तुझा,
सर