चेकसेक वापरायला घेताय? मग आधी एवढं बघा

लिनक्सच्या प्रोग्राम फाइलमध्ये कोणती संरक्षणं आहेत, हे चेकसेक हिरव्या-लाल रंगात दाखवते; नुसतं ते हिरवं-लाल बघून निकाल देऊ नका. चेकसेक मूळची शेल स्क्रिप्ट, टोबियास क्लाइनची. फाइल न चालवता ती एल्फचे (लिनक्सच्या प्रोग्राम फाइलींचा साचा) हेडर आणि सिम्बॉल वाचते, बस. 'कॅनरी नाही' (कॅनरी म्हणजे फंक्शनच्या स्टॅकवर ठेवलेली खुणेची किंमत, बफर ओसंडला की ती बिघडते आणि चोरी कळते) असं आलं तर लगेच बोंब मारू नका. जीसीसी या कंपायलरचा साधा स्टॅक-प्रोटेक्टर पर्याय मुख्यतः 8 बाइट किंवा मोठे कॅरेक्टर बफर असलेल्या फंक्शनांनाच कॅनरी लावतो. तसं एकही फंक्शन नसेल तर सापडणार काय, कपाळ? नवीन बिल्डला 'स्ट्राँग' पर्याय द्या, तो जीसीसी 4.9 पासून आहे. फॉर्टिफायचंही (कॉपी करणाऱ्या फंक्शनांवर बफरच्या आकाराची तपासणी) तसंच: ऑप्टिमायझेशन बंद असेल तर ते लागतच नाही.

एनएक्स (स्टॅकसारख्या डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारं संरक्षण) बंद दिसलं, तर मात्र खोलात जा. रीडएल्फ या एल्फ वाचणाऱ्या कमांडला 'एल' पर्याय देऊन जीएनयू-स्टॅकची ओळ बघा. आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं) असेल तर ठीक, पुढे ई (चालवणं) चिकटलेला असेल तर स्टॅकवर कोड चालू शकतो. बरेचदा यामागे हाताने लिहिलेली एखादी असेम्ब्ली फाइल निघते, जिच्यात नोट-जीएनयू-स्टॅक सेक्शन टाकायचं राहिलेलं असतं. तेवढ्या एका फाइलीपायी अख्खा प्रोग्राम उघडा पडतो!

अनोळखी फाइलवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवू नका, ती फाइल चालूही शकते.

कर्नेलसाठी बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल वाचाच, पण ती बिल्डच्या वेळची. केएएसएलआर (कर्नेलची मेमरीतली जागा दर बूटला बदलणारं संरक्षण) तिथे चालू दिसेल आणि बूट करताना कुणीतरी 'नोकेएएसएलआर' दिलेलं असेल. बूटला खरंच काय दिलं, ते प्रोक-सीएमडीलाइन फाइलमध्ये तपासा.