अनोळखी वळण गिरवताना

कॅलिग्राफीत गॉथिक (दाट, टोकदार अक्षरांचं जुनं युरोपीय वळण) जमतंय, आता अनशियल (त्याहून जुनं, गोलसर वळण) करून पाहू का, विचारतेस? कर की! फक्त एका वेळी एकच वळण धर, नाहीतर अक्षरांची खिचडी होते.

आधी निबचा कोन, म्हणजे तिचं रुंद टोक आडव्या रेघेशी किती तिरकं धरायचं ते. गॉथिकला साधारण ४०-४५ अंश, अनशियलला निब बरीच आडवी. नवखे इथेच फसतात, हात सवयीने जुन्याच कोनात जातो. निबच्या रुंदीचे एकावर एक चौकोन काढून अक्षरांची उंची ठरव (गॉथिकला पाच, अनशियलला चार), मगच रेघा आख.

अक्षरं सजवताना सोन्याचा वर्ख रंगाआधी लाव, नाहीतर तो रंगातल्या डिंकाला चिकटतो. नागपूरच्या मे महिन्यात मात्र जेसो (वर्खाखाली लावायचा चिकट लेप) असा खडखडीत वाळतो की श्वासाची वाफ देऊनही वर्ख धरत नाही. ते काम पावसाळ्यावर ढकल, तोवर सोनेरी गौश (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) चालवून घे. आणि कूलरसमोर बसू नकोस बाप्पा, कागद फुगतो.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) निबा शोधत फिरायची गरज नाही. दोन मिलिमीटरची एक पुरे.