लिलावातली एमजीबी घेऊ का?

प्रश्न: वय ४३, मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला आयटीत. पगार वर्षाला ६२ हजार पौंड, बचत २६ हजार, घरखर्च महिना २,८००. पुढच्या महिन्यात लिलावात १९६७ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) येतेय, १४ हजारांपर्यंत जाईल. खरेदीदारानं लिलाववाल्यांना द्यायचं कमिशन, म्हणजे प्रीमियम, साडेबारा टक्के अधिक त्यावर व्हॅट. सात वर्षांत किंमत दुप्पट झाली की मुलीच्या युनिव्हर्सिटीची सोय होईल, आणि गाडीच्या नफ्यावर कर नाही. भारतात परतायचं असल्यानं सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो (कंपनी आपल्याइतकेच, सहा टक्क्यांपर्यंत भरते). त्याऐवजी पुण्यातल्या बँक मॅनेजरच्या सल्ल्यानं गॅरंटीड पॉलिसी घेतली: वर्षाला ३ लाख, दहा वर्षं; विसाव्या वर्षी ६० लाख. बोली लावू का?

उत्तर: या लिलावात नको. पण तुमच्या पत्रातली मोठी चूक गाडीची नाही. ती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

गाडीचं आधी उरकू. १४ हजारांवर प्रीमियम आणि त्यावरचा २० टक्के व्हॅट धरला की १६,१०० होतात. भाड्याचं गॅरेज, विमा, दुरुस्ती मिळून वर्षाला २,२०० तरी धरा. सात वर्षांचे साडेपंधरा हजार. म्हणजे २८ हजारांना विकूनही तुम्ही तोट्यात. कर नाही हे खरं, पण नफाच नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? शिवाय एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि नवी कोरी बॉडीशेल (गाडीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा) आजही मिळते. सांभाळायला त्यामुळे सोपी, पण दुर्मीळ म्हणून भाव चढेल ही आशा सोडा. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार सिल्सवर, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांवर. ताजा रंग आणि खाली काळा अंडरसील (गंजरोधक लेप) असेल तर आतला गंज लिलावाच्या आवारात दिसत नाही, आणि माल ‘आहे तसा’ विकलेला असतो.

आता पेन्शन. तुमचे सहा टक्के म्हणजे ३,७२०. ही रक्कम पगाराच्या ४० टक्के कराच्या भागातून जाते, म्हणून हातातून जातात साधारण २,२३०. कंपनी तितकेच भरते. खात्यात पडतात ७,४४०. म्हणजे तुमच्या एका पौंडाचे पहिल्याच दिवशी तीन पौंडांहून जास्त! सहा वर्षांत कंपनीचेच वीसेक हजार पौंड तुम्ही सोडून दिलेत, ही गाडी प्रीमियमसकट घेऊन वर उरतील इतके. कायद्यानुसार कंपनी दर तीन वर्षांनी तुम्हाला पेन्शनमध्ये पुन्हा आत घेते, तेव्हाही तुम्ही नाहीच म्हणाला असणार. भारतात परतलात तरी हे पैसे तुमचेच राहतात; सध्याच्या नियमानं ५७व्या वर्षी काढता येतील.

आणि त्याऐवजी काय घेतलंत? ३ लाख म्हणजे अडीच हजार पौंडांच्या आसपास, पेन्शनला लागले असते त्याहून जास्तच. ३० लाखांचे ६० लाख ऐकायला छान वाटतं. पण तुमचा एकेक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे साडेचार टक्के. साधी एफडी याहून बरी. त्यात पॉलिसी पिकेल तेव्हा तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असाल तर नफ्यावर इथे आयकर लागेल. हे त्या मॅनेजरनं सांगितलं का? परदेशात राहणाऱ्या माणसाला ‘गॅरंटीड’ शब्दावर असली पॉलिसी गळ्यात मारतात याचा मला मनस्वी राग येतो.

सोमवारी एचआरला मेल करा: पुढच्या पगारापासून सहा टक्के सुरू. करपात्र उत्पन्न ६० हजारांखाली येईल, त्यामुळे चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेत असाल तर जास्त पगारामुळे करातून होणारी त्याची वसुलीही थांबेल. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते थांबवले तर मुदतीअंती मिळणारी रक्कम) लेखी मागवा. भरलेल्या १८ लाखांकडे बघून निर्णय घेऊ नका. आज किती हातात येतील आणि उरलेले चार हप्ते दुसरीकडे किती वाढतील, एवढंच ताडून बघा. ते दोन आकडे आले की मला पाठवा.

गाडीची हौस खरी आहे, ती मारू नका. पण १६ हजार गेले तर हातात साडेतीन महिन्यांचाच खर्च उरतो. सहा महिन्यांचे १७ हजार बाजूला ठेवून वर गाडीचे पैसे जमले की घ्या, तेही मालकाकडून थेट, लिफ्टवर चढवून, जाणत्या मेकॅनिकला सिल्स दाखवून. मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या आयसामध्ये (ISA, ब्रिटनमधलं करमुक्त बचत खातं) टाका.