‘वितरित निर्मिती’ म्हणावं का?

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे : वीज वितरणाच्या नियोजनावरच्या एका मराठी टिपणात ‘वितरित निर्मिती’ (distributed generation, म्हणजे गच्चीवरच्या सोलरसारखी जागोजागी होणारी वीजनिर्मिती) हा शब्द सारखा येतो. वितरित होते ती वीज, निर्मिती कशी वितरित होईल?

शंका रास्त आहे. माझ्या मते हा शब्द टाळावाच.

मराठीत ‘वितरित’ म्हणजे वाटून झालेलं. पाठ्यपुस्तकं वितरित होतात, धान्य वितरित होतं. विजेच्या बाबतीत तर या शब्दाची जागा पक्की आहे. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण ही नावं कामाच्या क्रमानेच रूढ झाली. एकलहऱ्याला कोळशावर वीज तयार होते, मनोऱ्यांवरच्या तारांनी उपकेंद्रात येते, तिथून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) फीडरवरून डीपीपर्यंत आणि डीपीतून २३० व्होल्टने घरात. (डीपीला कागदोपत्री ‘रोहित्र’ म्हणतात, पण ‘रोहित्र जळालं’ असा फोन कुणी करत नाही.)

आता इंदिरानगरातल्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे असं धरा. दुपारी घरात फ्रिज तेवढा चालू. उरलेली वीज शेजारच्या घरांत जाते. त्याच डीपीवरच्या बहुतेक गच्च्यांवर सोलर असेल आणि वापर कमी असेल, तर ती डीपीतून उलटी ११ केव्हीच्या बाजूला जाते आणि लाईनच्या टोकाकडच्या घरांत व्होल्टेज चढतं. पूर्वी आखणी करताना मुख्य काळजी एकच असायची : संध्याकाळी शेवटच्या घरात व्होल्टेज किती पडेल? आता दुपारी ते किती चढेल हेही बघावं लागतं. तारेची जाडी आणि डीपीची क्षमता ठरवायची ती या दोन्ही वेळा धरून.

म्हणजे इथे निर्मितीच वितरणाच्या जाळ्यात जागोजागी होते आहे. ‘विखुरलेली निर्मिती’ म्हटलं की हे नेमकं कळतं. ‘विखुरलेली’त थोडी अव्यवस्था सुचते, ती सुचू द्यावी. कुठल्या गच्चीवर पॅनल बसणार हे ग्राहक ठरवतो, आखणी करणारा अभियंता नाही, आणि त्याची खरी अडचण तीच आहे.

‘विकेंद्रित’ही चालेल, पण तो मी सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांसाठी राखून ठेवीन. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळावी म्हणून उपकेंद्राजवळ जागा बघून प्रकल्प उभारायचा, हे ठरवून केलेलं विकेंद्रीकरण आहे.

‘स्वतंत्र निर्मिती’ मात्र नको, कारण ती जाळ्यावर अवलंबून असते. बॅटरी नसलेलं साधं नेट मीटरिंगचं (उरलेली वीज जाळ्यात सोडून बिलात वळती करून घेणारं) सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. ते चालू राहिलं, तर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा शॉक बसेल.