‘चषक’ सगळीकडे चालेल का?

प्रश्न असा आहे: युरोपीय चित्रांचे मराठीत वर्णन करताना वाइनच्या प्रत्येक भांड्याला ‘चषक’ म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. विश्वचषक, रणजी चषक यांमुळे हा शब्द वाचला की आधी करंडक डोळ्यांपुढे येतो. शिवाय या चित्रांत भांडे बदलले की अर्थही बदलतो.

ग्रीक क्रेटरमध्ये वाइनीत पाणी मिसळत, ते तोंडाला लावायचे भांडे नव्हे. रुंद तोंडाचे, दोन कानांचे, आपल्या घंगाळाच्या जातीचे. उंच कानांचा कँथरॉस मात्र पिण्यासाठीचा आणि वाइनचा ग्रीक देव डायोनिसस याची तर ती खूणच. इथे मूळ नावेच ठेवावीत.

ख्रिस्ती चित्रांसाठी ‘प्याला’ घ्यावा, मराठी बायबलमध्ये तोच रुळला आहे. प्रादो संग्रहालयातल्या एल ग्रेकोच्या चित्रात संत योहानाच्या प्याल्यातून चिमुकला ड्रॅगन डोकावतो; तो विषाची खूण. योहानाला विष कालवलेली वाइन दिली, पण ती त्याला बाधली नाही, अशी आख्यायिका आहे. ‘विषाचा प्याला’ मराठी वाचकाला लगेच कळतो, ‘विषाचा चषक’ कानाला खटकतो.

खरी गडबड होते ती सतराव्या शतकातल्या डच स्थिरचित्रांत. तिथला रोमर म्हणजे जाड दांड्याचा हिरवट काचेचा पेला. हिरवटपणा वाळूतल्या लोहामुळे येतो. दांड्यावर काचेचे टपोरे ठिपके चिकटवलेले असतात, तेलकट बोटांतून पेला निसटू नये म्हणून. पीटर क्लास्झच्या १६२८च्या चित्रात (मेट्रोपॉलिटन, न्यूयॉर्क) कवटी, लेखणी आणि विझत आलेल्या दिव्याशेजारी असाच रिकामा रोमर आडवा पडला आहे. आयुष्य संपते, हा त्याचा अर्थ. त्याचे वर्णन हमखास ‘उपडा पेला’ असे केले जाते, ते चूक. उपडा म्हणजे तोंड खाली. हा कुशीवर आहे, म्हणून ‘लवंडलेला’ किंवा ‘कलंडलेला’ लिहावे. ‘सांडलेला’ही नको, टेबलावर वाइनचा थेंब नाही.

विलेम हेडाच्या न्याहारीच्या चित्रांत चांदीचा ताझ्झा, म्हणजे उंच बैठकीचा उथळ पेला, असाच कलंडलेला दिसतो. तिथे मात्र लगेच मृत्यूचे प्रतीक शोधू नये. आडव्या भांड्याची बैठक, कडा आणि आतली चकाकी एकदम रंगवता येते, हेही त्यामागचे मोठे कारण असते. जवळ कवटी, घड्याळ किंवा विझता दिवा असेल तर नश्वरतेचा अर्थ खुशाल लिहावा. नुसते लिंबू आणि कालवे (ऑयस्टर) असतील तर ‘कलंडलेला ताझ्झा’ एवढेच पुरे.